ताटातले वैचित्र्य आणि पंगतीतला भेद

वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांना एक विषय कधीच शिळा वाटत नाही. तो म्हणजे जगातील विचित्र खाद्यपदार्थ आणि विचित्र भोजनपद्धती. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात लोक टोळ भाजून, त्यावर मीठ आणि लिंबू घालून खातात. झिम्बाब्वे, बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांत मोपाने वृक्षावरील अळ्या उन्हात वाळवून साठवतात. आइसलँडमध्ये शार्क मासा आंबवून महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. अशी माहिती चित्रांसह छापली जाते. वाचक नाक मुरडतो, घरातल्यांना वाचून दाखवतो, चार घटका हसण्यात जातात आणि पुरवणी रद्दीत जाते. ही करमणूक निरुपद्रवी वाटते. परंतु कोणाचे अन्न हसण्यासारखे आणि कोणाचे अन्न सभ्य, हा निवाडा त्या हसण्यातच होऊन गेलेला असतो. हा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि कसा मिळाला, हे पाहणे समतेचा विचार मानणाऱ्यांना अगत्याचे आहे.

काट्याचमच्याचे उदाहरण घ्यावे. हाताने जेवणाऱ्या आशिया-आफ्रिकेच्या लोकांना असंस्कृत ठरवण्यासाठी युरोपीय राज्यकर्त्यांनी ज्या साधनाचा आधार घेतला, ते साधन त्यांच्याच देशांत एके काळी थट्टेचा विषय होते. टॉमस कोरिएट नावाचा इंग्रज प्रवासी 1608 साली इटलीला गेला. तिथे लोक काट्याने मांस धरून खातात हे पाहून त्याने ती पद्धत उचलली आणि 1611 साली आपल्या प्रवासवर्णनात तिचे वर्णन केले. मित्रांनी त्याला 'काटेवाला' अशा अर्थाचे लॅटिन नाव ठेवून त्याची टर उडवली. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा दुसरा अर्थ फाशीला लायक असा लुच्चा! हाच कोरिएट पुढे बहुतांशी पायी प्रवास करीत हिंदुस्थानात आला आणि 1617 साली सुरतेस मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर दोन शतकांच्या आत त्याच्या देशाचे राज्य या देशावर पसरले आणि ज्याची टवाळी झाली होती तो काटा सभ्यतेचे प्रमाणपत्र होऊन बसला. काटा तोच होता. बदलली ती तो धरणाऱ्या हाताची सत्ता.

मेक्सिकोत हाच खेळ अधिक क्रूरपणे खेळला गेला. अॅझ्टेक लोकांचे एक प्रमुख धान्य म्हणजे राजगिरा. त्याच्या पिठात गोड रस मिसळून ते देवतांच्या मूर्ती घडवीत आणि विधीनंतर त्यांचे तुकडे करून प्रसाद म्हणून वाटून खात. 1521 साली स्पॅनिशांनी त्यांची राजधानी पाडली. विजेत्यांबरोबर आलेल्या धर्मगुरूंना या प्रसादात आपल्या पवित्र भोजनविधीची सैतानी नक्कल दिसली. विधी बंद पाडण्यात आला आणि त्याच्याबरोबर ते धान्यही मागे रेटले गेले. आडबाजूच्या गावांतील शेतकऱ्यांनी ते टिकवून धरले म्हणूनच ते शिल्लक राहिले. आजही मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुललेल्या राजगिऱ्याची गोड वडी विकली जाते. तिचे स्पॅनिश नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद.

ही वडी मराठी माणसाच्या हाती ठेवली तर तो ती तत्काळ ओळखेल, कारण तो ती एकादशीला खात असतो. अमेरिका खंडात ज्या धान्याला पाखंड मानले गेले, तेच धान्य समुद्र ओलांडून आल्यावर येथे उपवासाला चालणारे सोवळे अन्न ठरले. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीला साजेशा त्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, हे सारेच अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत. कोणत्याही प्राचीन ऋषीने त्यांची चव घेतलेली नव्हती. परक्याचे अन्न इतक्या सहजतेने देवघरापर्यंत नेणाऱ्या समाजाने 'आमचे अन्न शुद्ध, तुमचे अशुद्ध' असा हेका धरावा, यात पुरवणीतल्या कोणत्याही टोळापेक्षा अधिक वैचित्र्य आहे.

गरिबाच्या अन्नाची आणखी एक गत होते. प्रथम त्याची हेटाळणी होते आणि पुढे त्याची चव श्रीमंतांना लागली की ते बाजाराच्या ताब्यात जाते. बोलिव्हिया आणि पेरूच्या उंच पठारावरील किनोआ हे धान्य शतकानुशतके 'इंडियनांचे खाणे' म्हणून हिणवले गेले. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष किनोआचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्याच्या आगेमागे युरोप-अमेरिकेतून मागणी वाढली आणि भाव भडकले. पिकवणाऱ्याच्या हाती काही काळ पैसा आला हे खरे. परंतु इतर देशांत लागवड पसरताच भाव कोसळले आणि तो पुन्हा होता तिथे आला. इथिओपियाच्या टेफ या बारीक धान्याची कथा तर याहून बोलकी आहे. ज्या पिठाची आंबवलेली भाकरी हे त्या देशाचे रोजचे अन्न, त्यावरील प्रक्रियेचे पेटंट 2007 साली एका डच कंपनीला युरोपात मिळाले. 2018 साली हेग येथील न्यायालयाने नेदरलँड्सपुरते ते रद्दबातल ठरवले. शतकानुशतकांचे सामुदायिक ज्ञान एका कंपनीच्या नावावर चढले, आणि ते उतरवण्यास अकरा वर्षे लागली.

कीटकांचेही तसेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2013 च्या अहवालात खाद्य कीटकांच्या 1900 हून अधिक जातींची नोंद घेतली आणि भविष्यातील प्रथिनांचा स्रोत म्हणून त्यांचा पुरस्कार केला. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातील आदिवासींच्या लाल मुंग्यांच्या चटणीला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळाले. ही गोष्ट स्वागतार्हच. मात्र तीच चटणी खातो म्हणून आदिवासीला रानटी म्हणणाऱ्यांनी आपला शब्द मागे घेतल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 साली मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर ग्रंथ लिहिला आणि त्याला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. पूर्णब्रह्माचा घोष करणाऱ्या समाजाने ज्यांच्या ताटाकडे कधी पाहिलेच नाही, त्यांची बाजू त्या एका 'अ'मध्ये सामावलेली आहे. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या हा त्यातील एक पदार्थ. अँडीज पर्वतातील लोक अशाच रीतीने वाळवलेल्या मांसाला 'चार्की' म्हणतात. इंग्रजीतील 'जर्की' हा शब्द त्यावरूनच आला आणि त्या नावाची पाकिटे आज मोठमोठ्या दुकानांत विकली जातात. चान्या मात्र मराठी पाककृतींच्या पुस्तकांत औषधालाही सापडत नाहीत.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. हीन लेखलेल्या अन्नाचा मान राखताना भुकेचा गौरव होऊ नये. आवडीने खाल्लेले आणि नाइलाजाने खाल्लेले यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. ओआहाकाचा शेतकरी टोळ चवीने खातो. गावाने मेलेले जनावर ओढण्याचे काम लादले आणि दुसरे काही मिळू दिले नाही म्हणून ज्यांनी त्याचे मांस खाल्ले, त्यांच्या खाण्याला नुसती 'संस्कृती' म्हणून मोकळे होणे हा अन्यायावर पांघरूण घालण्याचा प्रकार होय. प्रत्येक परंपरा पूज्य, हेही म्हणता येणार नाही. घरातील स्त्रीने सर्वांमागून, उरलेसुरले खावे ही भोजनपद्धती कोणत्याही पुरवणीत विचित्र म्हणून छापली जात नाही, कारण ती छापणाऱ्याच्याच घरात चालू असते.

तेव्हा भोजनपद्धती पारखायची कशावर? ताटात काय आहे यावर नव्हे. ताटाशी कोणाला बसू दिले जाते यावर. इथिओपियात एकाच मोठ्या थाळीभोवती बसून सारे जेवतात आणि आपल्या हाताने घास करून शेजाऱ्याच्या तोंडात घालतात. या रीतीला 'गुर्शा' म्हणतात. पाश्चात्त्य प्रवाशाला ती गमतीची वाटते, उष्ट्याखरकट्याच्या कल्पनांत वाढलेल्या भारतीयाला अंगावर काटा आणणारी वाटते. परंतु माणसाने माणसाच्या हातचे खावे, हा समतेचा आद्य पाठ त्या घासात आहे.

याच्या उलट ज्या समाजांनी आपले ताट सोवळे ठेवले, त्यांचा इतिहास पाहावा. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे यांच्यासह काही मंडळी व्याख्यानास गेली, तेथे चहा-बिस्किटे दिली गेली आणि एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले. अखेर रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीलाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. 1917 साली केरळातील चेराई येथे अय्यप्पन यांनी इळवा आणि पुलया यांचे सहभोजन घडवले; त्यांच्याच जातीने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि 'पुलयन अय्यप्पन' म्हणून त्यांना हिणवले. ती शिवी त्यांनी बिरुदासारखी मिरवली. प्रगतीचे माहेर म्हणवणाऱ्या अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील उपाहाराच्या कट्ट्यावर जाऊन बसले. त्याच दुकानात वह्या-पेन्सिली विकत घेण्यास त्यांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो बसून खाण्याला. तो कट्टा सर्वांना खुला होण्यास जुलै उजाडला.

सहभोजनाने जात मरत नाही, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 सालीच बजावून ठेवले आहे. एका पंगतीला बसून उठल्यावर माणसे आपापल्या जातीत परत जातात, हा त्यांचा आक्षेप आजही खोडता येत नाही. परंतु सहभोजन पुरेसे नाही याचा अर्थ ते अनावश्यक आहे असा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर देशभरच्या सरकारी शाळांत शिजवलेले माध्यान्ह भोजन सुरू झाले आणि कोट्यवधी मुले रोज एका पंगतीला बसू लागली. एवढे मोठे सहभोजन या देशाने पूर्वी पाहिले नव्हते. पण 2021 च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील एका शाळेत दलित स्त्रीने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. तिला कामावरून दूर करण्यात आले. तेव्हा दलित मुलांनी सवर्ण स्त्रीच्या हातचे अन्न नाकारून उत्तर दिले. बोभाटा झाल्यावर तिला परत कामावर घेण्यात आले. ताटात वरण-भातच होता. नाकारला गेला तो वाढणारा हात.

जगातील विचित्र भोजनपद्धतींची यादी ज्याला करावयाची असेल, त्याने या नोंदीपासून आरंभ करावा. आणि ज्या कार्यकर्त्याला ती यादी लहान करावयाची असेल, त्याने फार दूर जाण्याचे कारण नाही. गावच्या शाळेत दुपारी बाराच्या सुमारास जाऊन स्वयंपाक कोण करते, मुले कशी बसतात आणि वेगळा कोणाला बसवले जाते, एवढे पाहावे. मग स्वतःही त्याच पंगतीत पान मांडून बसावे.