तो पांढुरका डाग मुलांना दाखवाच!

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी आणि चंद्रावरची विवरे दाखवून झाली की आपण शिक्षक दुर्बीण आवरायला घेतो. मढच्या किनाऱ्यावर मीही हेच करीत आलो. एकदा उरलेल्या वेळात मुलांना 'एम 87' दाखविली. "सर, हा तर भिंगावरचा डाग!" एक मुलगी म्हणाली. तिला द्यायचे उत्तर राहूनच गेले.

तो डाग म्हणजे कन्या राशीच्या दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर असलेली लंबगोल दीर्घिका होय. मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने 1781 मध्ये तिची नोंद केली. हजाराहून अधिक दीर्घिकांच्या समूहात ती मध्यभागी बसली आहे.

मुलांना दीर्घिका काढायला सांगून पाहा. सगळी भुईचक्रासारखी सर्पिल काढतील. एम 87 ला फाटे नाहीत, चकती नाही. दाटीवाटीच्या समूहात दीर्घिका एकमेकींत मिसळतात, चकत्या मोडतात आणि तारे वाटेल त्या दिशेने फिरू लागतात. तिच्यातला वायू अतितप्त असल्याने नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत. उरतात ते बहुतेक म्हातारे, पिवळसर तारे. म्हणून अशा दीर्घिकांना कुणी 'मृत' म्हणतात. मला हा शब्द मुळीच पटत नाही. हिच्या केंद्रातून निघालेला सरळ किरण कर्टिस यांनी 1918 मध्येच टिपला होता. त्याच्या मुळाशी 650 कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. 10 एप्रिल 2019 रोजी प्रसिद्ध झालेले त्याच्या छायेचे चित्र मुलांनी पाहिलेले असते. ते या डागातच आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

"मुंबईच्या उजेडात काय दिसणार?" असे सहकारी विचारतात. मालाडच्या बाजूचे आकाश तांबूस असते, हे खरे. पण मढहून पाहता एम 87 डोक्यावरच्या बिंदूपासून जेमतेम 7 अंशांवरून जाते आणि तेथे शहराची झळाळी सर्वांत कमी असते. पॅरिसहून पाहणाऱ्या मेसिएला ती त्या बिंदूपासून 36 अंश खाली दिसे! एवढी सोय असून आपण ती वापरीत नाही. किनाऱ्यावरच्या बंगल्यांनी दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविली, तर आणखी फरक पडेल; हे त्यांना मुलांनीच जाऊन सांगावे.

चैत्र अमावास्येच्या सुमारास रात्री 11 वाजता 15 सेंटिमीटरची दुर्बीण घ्या. उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतील विंडेमिएट्रिक्स या ताऱ्यांच्या साधारण मध्यावर शोधा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे लागतात. तोवर कुणालाही विजेरी लावू देऊ नका.