घरात बंदूक आहे का?

मुलाला वार्षिक तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञाकडे नेलं की आधी हातात एक फॉर्म येतो. गाडीत कार-सीट आहे का, सायकल चालवताना मूल हेल्मेट घालतं का, घराला स्विमिंग पूल आहे का, घरात कुणी सिगारेट ओढतं का. याच रांगेत पुष्कळ ठिकाणी आणखी एक ओळ असते : घरात बंदूक आहे का? असल्यास ती कुलपात असते का? आपल्यापैकी बहुतेक जण त्या ओळीपाशी थांबत नाहीत. ‘नाही’च्या चौकोनात खूण करून पुढच्या लसीच्या तारखेकडे वळतात. हा प्रश्न आपल्यासाठी नाही, असं मनात पक्कं बसलेलं असतं.

मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘घर’ आहे. गावाकडच्या विकलेल्या वाड्यापासून इथल्या तीस वर्षांच्या मॉर्गेजपर्यंत, आणि आईवडिलांच्या पश्चात पुण्यात कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटपर्यंत लेखकांनी भरभरून लिहिलं आहे. घर सुरक्षित आहे का, हे विचारण्याचा अधिकार घराबाहेरच्या माणसाला किती असावा, याबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. म्हणून संपादकीयाची जागा त्यासाठी घेतो आहे. फॉर्मवरची ती ओळ तिथे असावी की नसावी, यावरून इथे अमेरिकेत सहा वर्षं कोर्टकचेरी झाली आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

प्रकरण सुरू झालं फ्लोरिडातल्या ओकाला गावात, २०१० साली. एका बालरोगतज्ज्ञाने एका आईला विचारलं, घरात बंदूक आहे का. तिने उत्तर द्यायला नकार दिला. डॉक्टरने तिला तीस दिवसांत दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं. बातमी झाली, बंदूकधारकांच्या संघटना खवळल्या, आणि पुढच्याच वर्षी, २०११ च्या जूनमध्ये, गव्हर्नर रिक स्कॉट यांनी नव्या कायद्यावर सही केली. डॉक्टरने पेशंटला बंदुकीबद्दल विचारायचं नाही, उत्तर मिळालंच तर विनाकारण नोंदवायचं नाही. मोडलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय परवान्यावर गदा. सुरक्षिततेसाठी खरोखर गरज वाटली तर विचारता येईल, अशी एक वाट ठेवली होती. पण ती गरज खरी होती की नाही, हे नंतर शिस्तपालन मंडळासमोर ठरणार असेल तर कुठला डॉक्टर तोंड उघडेल?

डॉ. बर्न्ड वोलश्लेगर नावाच्या मायामी भागातल्या फॅमिली डॉक्टरांनी आणि फ्लोरिडातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने कायद्याला स्थगिती दिली. अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो पुन्हा उचलून धरला. शेवटी १६ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच अपील कोर्टाच्या, म्हणजे अकराव्या सर्किटच्या, पूर्ण पीठाने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने, विचारायला आणि नोंद ठेवायला केलेली बंदी रद्द केली. डॉक्टरचं बोलणं हे बोलणंच आहे, आणि त्याला घटनेचं संरक्षण आहे. बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते. खाजगी डॉक्टर प्रश्न विचारून कुणाची बंदूक काढून घेत नाही, घेऊही शकत नाही.

त्या निकालात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा कमी झाली. केवळ बंदूक आहे म्हणून पेशंटशी भेदभाव करायचा नाही, हे कलम कोर्टाने कायम ठेवलं. मला ते पूर्णपणे पटतं. ओकालाच्या डॉक्टरने प्रश्न विचारला ते बरोबर, त्या आईला दार दाखवलं ते चूक. ज्या घरातून उत्तर येत नाही, त्या घरातल्या मुलाला तर डॉक्टरची जास्तच गरज आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर आकडे पाहा. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी वर्षानुवर्षं तो क्रमांक मोटार अपघातांचा होता. कार-सीटबद्दल डॉक्टरने विचारलं तर आपण आभार मानतो. २०२२ साली या देशात सर्व वयांचे मिळून ४८,२०४ लोक बंदुकीने मेले. त्यातल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. टीव्हीवर शाळा आणि मॉल दिसतात. निम्म्याहून अधिक मृत्यू मात्र असे आहेत की ज्यात दुसरा कुणी मारेकरी नाही, आणि त्यातले बहुतेक राहत्या घरात घडतात.

‘आमच्या मुलाला समज आहे, तो हात लावणार नाही’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. अटलांटातल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या वाक्यासमोर ठेवावासा वाटतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघातिघांच्या गटाने एका खोलीत पंधरा मिनिटं खेळायला सोडलं. खोलीतल्या खणांमध्ये दोन पाण्याची पिस्तुलं होती, आणि आणखी एका खणात खरं पिस्तूल, गोळ्या काढलेलं. चाप ओढला तर कळावं म्हणून त्यात यंत्र बसवलं होतं. एका बाजूने दिसणाऱ्या आरशामागून संशोधक बघत होते. एकोणतीस गटांपैकी एकवीस गटांना ते खरं पिस्तूल सापडलं. सोळा गटांनी ते हाताळलं. दहा गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांना ते सापडलं त्यांपैकी जवळपास निम्म्या मुलांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा नक्की ठरवता आलं नाही. आणि ज्यांनी ते हाताळलं त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीबाबतच्या सुरक्षिततेची शिकवण आधी कुठे ना कुठे मिळालेली होती. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन अंगणभर धावलेल्या आपल्या पिढीला याचं नवल वाटायचं कारण नाही. त्या वयाचा हात आधी चापाकडे जातो.

२००६ च्या आणखी एका अभ्यासात आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं होतं. बंदूक कुठे ठेवली आहे ते आमच्या मुलांना माहीत नाही, असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांची मुलं म्हणाली, माहीत आहे. मुलांनी कधी हात लावलेला नाही असं सांगणाऱ्या पालकांतही २२ टक्के तोंडघशी पडले.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जिथे पोलिस यायला अर्धा तास लागतो, तिथल्या माणसाला बंदूक गरजेची वाटते. आजोबांची शिकारीची रायफल हा अनेक घरांत वारसा आहे. डॉक्टरच्या कॉम्प्युटरमधली नोंद उद्या कुणाच्या हाती लागेल, ही भीती आज खुळी म्हणता येणार नाही. आणि बऱ्याच डॉक्टरांना बंदुकीतलं काहीच कळत नाही, हेही खरं. २०१८ च्या नोव्हेंबरात नॅशनल रायफल असोसिएशनने डॉक्टरांना आपल्या कामापुरतं बघायला सुनावलं, तेव्हा देशभरच्या ट्रॉमा सर्जन आणि नर्सेसनी आपल्या रक्ताळलेल्या ऑपरेशन थिएटरचे फोटो टाकून उत्तर दिलं. उत्तर सडेतोड होतं. पण तपासणीच्या खोलीत, समोर घाबरलेली आई बसलेली असताना, त्या सुराचा उपयोग नाही.

प्रश्न कसा विचारला जातो यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘तुमच्याकडे बंदूक आहे का?’ यात झडतीचा वास येतो. ‘पुष्कळ घरांत बंदूक असते. तुमच्याकडे असेल तर ती कशी ठेवता?’ असं विचारलं की माणूस सैलावतो. गोळ्या काढून, कुलपात, गोळ्या वेगळ्या आणि त्यांनाही कुलूप, एवढ्या चार गोष्टींनी मुलांच्या हातून होणारे अपघात आणि आत्महत्या कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. डॉक्टर थोडं बोलले आणि बंदुकीला लावायचं केबलचं कुलूप त्यांनी हातात फुकट दिलं, तर बंदूक नीट ठेवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण वाढतं, हेही तपासून पाहिलं गेलं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये तर आत्महत्या रोखण्याच्या कामात बंदुकीच्या दुकानदारांनाच सामील करून घेतलं गेलं. खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, हे दुकानदार शिकले. मला या सगळ्या वादात ही गोष्ट सर्वांत आश्वासक वाटते, कारण तिथे कुणी कुणाला शत्रू धरलेलं नाही.

मरायचं ठरवलेला माणूस काहीही करून मरतोच, हा समज आपल्या मराठी मनातही खोल रुतलेला आहे. तो चुकीचा आहे. आत्महत्येचा विचार आणि प्रत्यक्ष कृती यांत अनेकदा काही मिनिटांचंच अंतर असतं. तेवढा वेळ निघून गेला आणि हाताशी जीवघेणं साधन नसलं, तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्या करत नाहीत. बंदूक ही दुसरी संधी सहसा देत नाही.

हे विदर्भातल्या डॉक्टरांना वेगळं सांगायला नको. फवारणीचं औषध प्यालेल्या पेशंटच्या उशाशी त्यांनी रात्री काढल्या आहेत. तिथे बंदुकीची जागा त्या औषधाच्या डब्याने घेतली आहे. श्रीलंकेने १९९५ आणि १९९८ साली सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यानंतर दहाएक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. याच श्रीलंकेत शेतकऱ्यांच्या घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिल्या. १८० गावांतल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली आले, आणि पेट्यांनी विषप्राशनाचं प्रमाण घटलं नाही. कुलपावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं. किल्ली ज्याच्या खिशात आहे, तोच खचलेला असेल तर कुलूप कुणासाठी? अशा वेळी बंदूक काही दिवस घराबाहेर हलवावी लागते, भावाकडे, मित्राकडे, काही ठिकाणी दुकानदाराकडे किंवा पोलिसांकडे, तिथल्या कायद्याप्रमाणे. हे सुचवायला आधी कुणाला तरी माहीत असावं लागतं की घरात बंदूक आहे. म्हणून डॉक्टरने विचारायचं.

आता आपल्याकडे वळू. आपल्या लोकांच्या घरात बंदूक नसते, हे गृहीतच आपण तपासून पाहिलेलं नाही. भारतीय घरांत सोनं असतं हे हेरून चोऱ्या करणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. दरवर्षी धनत्रयोदशीच्या आसपास अशी एखादी बातमी फिरते आणि मंडळाच्या गप्पांत कुणीतरी म्हणतं, एक घेऊनच ठेवावी. २०२० मध्ये पहिल्यांदाच बंदूक विकत घेणाऱ्यांत आशियाई वंशाची माणसंही होती. कुणाचं पेट्रोल पंपाचं दुकान आहे, कुणी शनिवारी रेंजवर नेमबाजीला जातं. घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण आपण ती घेतो गुपचूप, ठेवतो कपाटात साड्यांच्या खाली, आणि डॉक्टरच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहितो, कारण डॉक्टर ओळखीचे असतात आणि चर्चा होईल असं वाटतं.

आपल्यात डॉक्टर पुष्कळ. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. अनोळखी कुटुंबाला तुम्ही हा प्रश्न विचारता. गणपतीत एका पंगतीला बसलेल्या कुटुंबातलं मूल समोर आलं की मात्र भीड आड येते आणि ती ओळ तुम्हीच भरून टाकता. त्याच मुलाला शाळेत काय चाललंय, रात्री झोप लागते का, जिवाचं बरंवाईट करावंसं कधी वाटतं का, हेही मग विचारायचं राहतं. चांगल्या घरातलं, हुशार, कॉलेजच्या अर्जांत बुडालेलं मूल. भिडेपोटी गाळलेले प्रश्न सगळे याच वयाचे आहेत. आणि ज्यांना कुणालाच सांगता येत नसेल त्यांनी ९८८ हा क्रमांक फिरवावा. तो दिवसरात्र चालू असतो, फोन करायला कुणाच्या ओळखीची गरज नाही.

राहिला आपला, पालकांचा भाग. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठिंबा दिलेली एक मोहीम २००० सालापासून पालकांना एवढंच सांगते की मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाण्याआधी तिथे बंदूक उघड्यावर नाही ना, हे विचारा. पुढचे दोन महिने सुट्ट्यांचे आणि स्लीपओव्हरचे आहेत. आमच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तुमच्याकडे कुत्रा आहे का, एवढं आपण विचारतोच. त्याच दमात, त्याच आवाजात, घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना, हेही विचारावं. समोरचा अमेरिकन असो की आपला सातारकडचा. उत्तर पटलं नाही तर भांडायचं काही कारण नाही. मुलांना आपल्याकडे बोलवावं. फराळाचे डबे भरलेले आहेतच.