गाणं रंगवा, नुसती गाडी नको!

सुट्टीचं गाणं कॅनव्हासवर उतरवायचं म्हटलं, की आपण आधी काय करतो? मोबाइलवर फोटो शोधतो. गदिमांचं मामाच्या गावाला नेणारं आगीनगाडीचं गाणंच घ्या. इंजिन, धूर, खिडकीत हसरी पोरं... झालं चित्र! मीही तसंच काढलं होतं. सगळे ‘भारी’ म्हणाले. आई तेवढी म्हणाली, “यात मामा कुठाय गं?”

मामाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

मग स्केचबुक घेऊन माथेरानला गेले. १९०७ सालापासूनची ही मिनी ट्रेन. रुळांमधलं अंतर दोन फूट. नेरळहून सुमारे २१ किलोमीटर ती अशी वळत वळत चढते, की गाण्याचा ताल डोळ्यांना दिसतो. मी फक्त वळणं काढली. घरी येऊन कॅनव्हासवर तिथल्या लाल मातीसारखा पातळ रंग दिला. तो सुकल्यावर वर झाडीचा गर्द हिरवा, मधूनमधून लाल तसाच ठेवून. इंजिन काढलंच नाही. शेवटी प्लॅटफॉर्मवर वाट बघणारा एक माणूस काढला, पाठमोरा.

माझं मत विचाराल तर गाण्यातले शब्द रंगवू नका. ते गाणं ऐकताना तुम्हाला कोण आठवतं, तिथून सुरुवात करा. आणि माथेरानला जाणार असाल, तर पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असते. दिवाळीच्या सुट्टीत बघा!