मुठीकडे कोण पाहतो?

खंडेनवमीला जिच्यावर हळदकुंकू वाहिले, तीच वडिलार्जित तलवार पाडव्याच्या शोभायात्रेत भर रस्त्यात गरगर फिरवायची, याला आमच्या उपनगरांत हल्ली इतिहासाचा अभिमान म्हणतात. मुलुंड घ्या, घाटकोपर घ्या, अंधेरी वा बोरिवली घ्या. ढोलताशांच्या मागोमाग मर्दानी खेळ आलेच. त्या खेळांशी माझे भांडण नाही. पोरेपोरी मैदानात लाठी-पट्टा शिकतात, ही आनंदाचीच गोष्ट. भांडण आहे ते ‘खेळायला घरची खरी तलवारच हवी, नक्कल म्हणजे पूर्वजांचा अपमान’ असे छाती काढून सांगणाऱ्यांशी. या गृहस्थांनी पाते डोळे भरून पाहिलेले असते. मुठीकडे मात्र एकदाही नाही.

आपल्या नेहमीच्या तलवारीची मूठ धातूची, टोकाला वाटोळी चकती असलेली आणि आतून पोकळ. पात्याचा मागचा निमुळता तुकडा त्या पोकळीत थोडासाच शिरतो आणि तापवून ओतलेली लाख त्याला धरून ठेवते. बहुधा खिळासुद्धा नसतो. ताजी लाख भक्कम. दीडदोनशे वर्षांची लाख सुकते, तडकते, तिचा भुगा होतो. देव्हाऱ्यात आडवी पडलेली तलवार याची चुगली करीत नाही. झोकात फिरवली की सारा ताण त्या भुग्यावर येतो. मग मूठ वीराच्या हाती राहून पाते प्रेक्षकांत जायला कितीसा वेळ? तिथे पुढच्या रांगेत मुले उभी असतात; अभिमानाच्या हिशेबात त्यांना कोणी धरीत नाही.

पट्ट्याची तऱ्हा निराळी. त्याची मूठ म्हणजे मनगटापासून कोपराकडे हात झाकणारा लोखंडी खोळंबाच. आत आडवी दांडी धरायची, वर पट्टीत हात अडकवायचा. मनगटाला वळायची मुभा नाही. वळायचे ते खांद्याने, कमरेने आणि पावलांनी. म्हणून पट्टा शिकायचा तर आधी पवित्रे घटवावे लागतात. जुन्या पट्ट्यात पाते रिबिटांनी बसवलेले असते आणि गंज नेमका त्या रिबिटांखाली दडून बसतो. आतले अस्तर कुजून गेल्यामुळे उघडे लोखंड हाडावर घासते. पाते कुठे अडकले, तर तलवारवाला मूठ सोडून मोकळा होईल. पट्टेकऱ्याने काय सोडावे? त्याचा हातच लोखंडात अडकलेला!

मुठीकडे न पाहण्याचे आणखी एक फळ म्हणजे आपल्या आवडत्या थापा. एक जण सांगतो, पूर्वज मणामणाच्या तलवारी चालवीत. लढाईची साधी तलवार किलोभराची, फार तर थोडी अधिक. दुसरा संग्रहालयात आखूड मूठ पाहून ठरवतो, पूर्वजांचे पंजेच लहान होते! अहो, ती मूठ घट्ट बसावी म्हणूनच आखूड. चकती मनगटाला फार वाकू देत नाही. त्यामुळे वार कुऱ्हाडीसारखा न आदळता ओढत, कापत जातो. ऐसपैस मूठ लावलेली बाजारी नक्कल हाती घेतली, तर मनगट खोटी विद्या शिकते. नकलेवरचा एवढा आक्षेप मी आनंदाने मान्य करतो. पण त्यावर उपाय चांगली नक्कल करणे हा आहे. आजोबांची तलवार मोडणे हा नव्हे.

‘काचेत ठेवलेले शस्त्र मेले’ हे एक टाळ्या घेणारे वाक्य आहे. युरोपात जुनी तलवारबाजी पुन्हा उभी करणारी मंडळी काय करतात ते पाहावे. संग्रहालयातली तलवार ती फिरवीत नाहीत. तिचे वजन, तोल आणि मुठीचे माप घेतात, त्या मापाची बोथट पोलादी तलवार घडवून घेतात आणि घाम गाळतात तो तिच्यावर. शस्त्र जागच्या जागी राहते, विद्या हातात येते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. २०२५ साली पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार परदेशातल्या लिलावातून घेऊन मुंबईत आणली. पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी घाटाची. दोन्ही गोष्टी उत्तम. पण मान देऊन आणि पैसे मोजून विद्या येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. त्यांच्या मुठींची मापे आणि वजने आखाड्यांतल्या वस्तादांपर्यंत पोचवायला कोणाची हरकत आहे? आणि मंडळांनी मंडपाच्या खर्चातला चतकोर बाजूला काढून त्या मापाची बोथट हत्यारे जाणत्या कारागिराकडून करवून घेतली, तर मिरवणुकीची शोभा कमी होणार आहे काय?

घरच्या तलवारीचे म्हणाल, तर तिला तेलाचा हात द्या, मुठीची मापे वहीत उतरवून ठेवा आणि पुन्हा देव्हाऱ्यात ठेवा. येत्या पाडव्याला कोणी ‘खरी तलवार’ म्हणून गर्जू लागला, तर त्याला एकच विचारा: बाबा रे, ही मूठ पात्याला कशाने धरून आहे? उत्तर आले नाही, तर तलवार त्याच्या हातून हळूच काढून घ्या.