पट मोजता, मग पोर कोणाचे तेही मोजा!

वर्गात मुले कमी असली की शिक्षण सुधारते का? याचे उत्तर साकीनाक्याच्या दाराशीच शोधले गेले आहे. आमच्या चळवळीने ते मुळातून समजून घ्यावे, कारण त्यातला सोयीचा अर्धा भाग सांगून शिक्षकभरती टाळणे फार सोपे आहे.

नुसती भरलेल्या आणि विरळ वर्गांची तुलना करून काही कळत नाही. पालिका शाळेचा पट अनेकदा घटतो तो ऐपतवाल्यांनी मुले काढून नेल्यामुळे. मागे उरते नाका कामगाराचे, कचरावेचक बाईचे लेकरू. त्याला गुण कमी पडले तर तो दोष लहान वर्गाचा कसा? म्हणून मदत कोणत्या वर्गाला द्यायची हे चिठ्ठी टाकूनच ठरवावे लागते. 'प्रथम'च्या बालसखी उपक्रमाची तपासणी 2001 ते 2003 या काळात अशीच झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी मुंबईत निवडला कुर्ला-साकीनाक्याचा एल वॉर्ड. शाळा होत्या 77.

वस्तीतली शिकलेली तरुणी मागे पडलेली 15-20 मुले रोज दोन तास वेगळी बसवून शिकवी. तेवढा वेळ मुख्य वर्ग आपोआप लहान होई. बालसखीकडे गेलेली मुले ठळकपणे पुढे सरकली. वर्गात उरलेल्यांना मात्र मोकळ्या बाकांचा फायदा दिसला नाही. आमच्या मते कारण उघड आहे : पुस्तक तेच, वेग तोच!

म्हणजे पटसंख्येला महत्त्व नाही? असे म्हणणे लबाडी आहे. इथे वर्ग लहान झाला तो फक्त दोन तास. अमेरिकेत टेनेसी राज्याने 1985 पासून 13 ते 17 मुलांचे वर्ग 22 ते 25 च्या वर्गांशी असेच चिठ्ठीने ताडून पाहिले. लहान वर्गाने गुण वाढले, आणि काळ्या मुलांचे अधिक वाढले. एकच सरासरी काढली असती तर हे झाकलेच गेले असते. बाबासाहेबांनी 1927 साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाचे आकडे समाजवार मांडले ते उगाच नाही.

आणि बालसखीला मिळत किती? महिना 500 ते 750 रुपये. शिवाय वर्षभरात बराचसा लाभ ओसरला. शिक्षण हक्क कायदा 2009 प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. तो शिक्षक कायम, पूर्ण पगारी हवा, आणि मुलाला येते तिथून शिकवणारा हवा. साकीनाक्याच्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत पहिला प्रश्न हाच विचारावा : आमच्या वर्गात मुले किती, आणि त्यातल्या किती जणांना वाचता येते?