खुर्चीतला खेळाडू

लहानपणी वाड्यावर कॅरमचा डाव रंगला की हरून रुसणाऱ्या पोराला एक पदवी ठरलेली असे, चिडका बिब्बा. आमच्या वाड्यावर ही पदवी सर्वांत जास्त वेळा मला मिळाली, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. सोंगट्या उधळून उठून जाणे, "तू हात पुढे नेलास" म्हणून भांडणे, घरी जाऊन न जेवता झोपणे, सगळे करून झाले आहे. आता चाळिशी ओलांडून बरीच वर्षे झाली. कचेरीत मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. काउंटरपलीकडून कोणी कितीही आवाज चढवला तरी "बसा, पाणी घ्या" एवढेच म्हणतो. पण पूलच्या टेबलापाशी गेलो की तो बिब्बा अजून आत शिल्लक असल्याचे जाणवते.

पूल म्हणजे पोहायचा नव्हे, हिरव्या-निळ्या कापडाच्या टेबलावर क्यूने खेळायचा. गोव्यात किनारपट्टीवरच्या बारमधून हा खेळ बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी आपले मत फारसे चांगले नसते. बिअरची बाटली कडेला ठेवून दोन घटका करायचा टाइमपास, एवढीच त्याची प्रतिमा. मी मात्र बी. ए. करत असताना या खेळाच्या नादी लागलो तो आजपर्यंत सुटलेलो नाही. गेली काही वर्षे आसपासच्या छोट्या स्पर्धांतही खेळतो. बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत घरी येतो. तेव्हा आज जे लिहितो आहे ते विजेत्याचे प्रवचन नव्हे, हरण्याचा दांडगा अनुभव असलेल्या माणसाचे मत आहे.

पूलमध्ये राग येतो तो इतर खेळांसारखा नसतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चौकार बसला तर पुढचा चेंडू त्याच्याच हातात असतो. फुटबॉलमध्ये बॉल हरवला तर मागे धावता येते, धावता धावता निम्मा राग घामातून जातो. पूलमध्ये तुमचा बॉल चुकला की तुम्ही खुर्चीत जाऊन बसायचे. बस्स. समोरचा चुकत नाही तोपर्यंत करण्यासारखे काहीही नाही. टेबलावर तुम्हीच पसरून ठेवलेले बॉल तो एकेक करून उचलत असतो आणि तुम्ही क्यूच्या टोकाला उगाच चॉक घासत असता. कॅरममध्ये निदान दोघे समोरासमोर बसलेले असतात आणि बहुतेक वेळा पाळी लवकर फिरते. पूलमध्ये जिंकणाऱ्यानेच पुढचा ब्रेक करायचा अशी पद्धत असेल तर सबंध सामना खुर्चीत काढावा लागू शकतो.

१९९६ साली अमेरिकेत डॅलसच्या एका स्पर्धेत सलग दहा रॅक साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले होते. अर्ल स्ट्रिकलंड या खेळाडूने ते पहिल्याच दिवशी करून दाखवले. त्याने सलग अकरा रॅक साफ केले. सगळ्यांना स्ट्रिकलंड आठवतो. मला मात्र त्या दिवशी त्याच्यासमोर खुर्चीत बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याने त्या वेळात काय केले असेल? पाणी किती वेळा प्याला असेल?

(खुर्चीचे महत्त्व सरकारी नोकराला सांगायला नको. पण ही खुर्ची वेगळी. हिच्यात बसल्यावर अधिकार जातो.)

हाच स्ट्रिकलंड रागासाठीही तितकाच प्रसिद्ध आहे. तीनदा जगज्जेता, अमेरिकन ओपन पाच वेळा जिंकलेला, पण पंचांशी, प्रेक्षकांशी, टेबलाशी, प्रतिस्पर्ध्याशी त्याची भांडणे व्हायची. प्रेक्षकांचा आवाज नको म्हणून कानांवर कारखान्यात घालतात तसली जाड आवरणे चढवून खेळलेला हा माणूस. आणि त्याच्या नेमका उलट फिलिपाईन्सचा एफ्रेन रेयेस. लहानपणी नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये वाढलेला, रात्री टेबलावरच झोपणारा. सोपा बॉल चुकला की रेयेस काय करतो? डोके खाजवतो, ओशाळे हसतो आणि खुर्चीत जाऊन बसतो. १९९६ मध्येच हाँगकाँगला या दोघांची एक अफाट लढत झाली. आधी १२० रॅक जिंकेल तो एक लाख डॉलर घेऊन जाईल, दुसऱ्याला काही नाही. तीन दिवस खेळ चालला. रेयेस १२०-११७ असा जिंकला. तीन रॅकचा फरक!

या गोष्टीवरून "बघा, शांत माणूस जिंकतो" असा धडा काढायचा मोह होतो, पण तो खोटा आहे. ११७ रॅक रागीट माणसानेही जिंकलेच होते. शिवाय रेयेसला वैताग येत नव्हता असे कोण म्हणेल? डोके खाजवणे हेही वैताग दाखवणेच आहे. फक्त तो वैताग स्वतःवरचा होता आणि दोन सेकंदांत संपत होता.

इथेच माझे मत आपल्याकडच्या जुन्या जाणत्या खेळाडूंपेक्षा वेगळे पडते. ते सांगतात, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. दगड व्हायचे. मला हे पटत नाही. ज्याला हरण्याचे काही वाटत नाही त्याच्याशी जिंकण्यातही मजा नसते. माणूस चुकला, "श्शी!" म्हणाला, आकाशाकडे बघितले, यात कोणाचे काय गेले? मात्र एक अट आहे. हे सगळे खुर्चीत बसायच्या आत संपले पाहिजे. टेबलापासून खुर्चीपर्यंत चार-पाच पावले असतात, तेवढीच रागाला मुदत. एकदा बसलात की टेबल दुसऱ्याचे झाले. त्यानंतरचा प्रत्येक सुस्कारा, खुर्चीचा करकराट, ग्लास आपटणे, मित्राकडे बघून डोळे फिरवणे हे तुमच्या पाळीत नव्हे, त्याच्या पाळीत चाललेले असते. खेळणारे याला शार्किंग म्हणतात. आपल्या मराठीत याला रडीचा डाव हा जास्त नेमका शब्द आहे.

नियमांनाही हे ठाऊक आहे. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत खिलाडूवृत्तीला न शोभणारे वर्तन हा वेगळा गुन्हा धरला आहे, आणि समोरच्याचे लक्ष विचलित करणे हा त्यातला एक प्रकार. पंच ताकीद देऊ शकतो, फाऊल देऊ शकतो, सामनासुद्धा काढून घेऊ शकतो. एक जुना नियम मला फार आवडतो. निर्णायक रॅकमध्ये समोरचा खेळत असताना तुम्ही आपला जोडाचा क्यू फिरवून सुटा करायला लागलात तर तुम्ही हार मानली असे धरायचे. म्हणजे तोंडाने काही बोललाच पाहिजेत असे नाही. हात काय बोलताहेत तेही ऐकले जाते.

पण आमच्या छोट्या स्पर्धांत पंच असतो कुठे? पंच नसेल तेव्हा खुर्चीत बसलेल्या माणसानेच समोरच्याचा फाऊल पाहायचा असतो. ज्याच्या पोटात आग पेटलेली आहे त्यालाच न्यायाधीश करायचे, असा हा अजब खेळ. स्नूकरमध्ये तर पंचाला दिसला नाही तरी आपला फाऊल आपणच सांगायचा अशी रीत आहे आणि मोठमोठे खेळाडू ती पाळताना टीव्हीवर दिसतात. टेबलावर क्यू किंवा मूठ आपटणाऱ्यांना मी एक साधी गोष्ट सांगतो. पॉकेटच्या तोंडाशी लटकलेला बॉल त्या हादऱ्याने आत पडू शकतो. मग तो कोणाच्या नावावर मांडायचा?

आता माझी गोष्ट. सात-आठ वर्षे झाली असतील. नाईन बॉलची स्पर्धा होती, आधी पाच रॅक जिंकेल तो पुढे. माझ्यासमोर हॉटेलात कामाला असलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. चार-चार झाले. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाईन बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी मारायचे, त्यानंतर काहीही पडले तरी चालते, आणि नऊ नंबर पडला की रॅक जिंकला. योजून पडला की आपसूक, कोणी विचारत नाही. पोराने चार नंबर मारला. पॉकेट साफ चुकले. चार नंबर तीन कुशनना आपटून भटकत भटकत आला, नऊला हळूच धक्का दिला आणि नऊ कोपऱ्यात पडला. सामना संपला.

पोराने लगेच तळहात वर केला. नशिबाने बॉल पडला की अशी दिलगिरी दाखवायची पद्धत आहे. मी क्यूचा बुंधा जमिनीवर आपटला, त्याच्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हटले, "लक आहे रे तुझे." चारचौघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तो म्हणाला, "सॉरी अंकल."

त्या क्षणी मला काही वाटले नाही. उलट बरेच वाटले. मग स्पर्धा बघत मागे उभा राहिलो. पुढच्या फेरीत त्याचा आणखी एक बॉल असाच नशिबाने पडला. त्याने आनंद करण्याऐवजी आधी मान वळवून मागे पाहिले. मी कुठे उभा आहे ते. तो सामना तो हरला. माझ्यामुळे हरला असे मी म्हणत नाही, समोरचा चांगला खेळला. पण कचेरीत दिवसभर ताटकळून काम झाल्यावर जाताना आपलीच माफी मागणारी गरीब माणसे मी पाहिली आहेत. त्या पोराचा "सॉरी" तसाच होता. नियमाप्रमाणे जे त्याचे होते ते घेतल्याबद्दल त्याने माझी माफी मागितली होती, आणि ती मी ठेवूनही घेतली होती. त्याच सामन्यात तिसऱ्या रॅकमध्ये माझाही एक बॉल नशिबानेच पडला होता, हे मला घरी जाताना बसमध्ये आठवले.

म्हणून मला वाटते की क्यू आपटणे हा त्यातला लहान अपराध. मोठा अपराध नंतरच्या वाक्यात असतो. "आज माझा हातच चालत नव्हता." "टेबल ओढत होते." "काल झोप झाली नाही." ही वाक्ये आपण आपल्याविषयी बोलतो असे वाटते, पण ती दुसऱ्याच्या खिशातून काढून घेतलेली असतात. मी वाईट खेळलो म्हणजे तू चांगला खेळलास म्हणून जिंकला नाहीस. झाले!

मोठ्यांचेही हेच. २००६ च्या डिसेंबरात स्नूकरच्या यूके चॅम्पियनशिपमध्ये रॉनी ओ'सुलिव्हन स्टीफन हेंड्रीविरुद्ध १-४ मागे होता. सतरा फ्रेमचा सामना, निम्मासुद्धा झाला नव्हता. एक बॉल चुकला, त्याने हेंड्रीशी हात मिळवला आणि सरळ निघून गेला. पुढे त्याला २०,८०० पौंडांचा दंड झाला, त्याने माफीही मागितली. हात मिळवला, शिवी दिली नाही, क्यू मोडला नाही. तरी बातमी झाली ती ओ'सुलिव्हनच्या जाण्याची. सात वेळा जगज्जेता असलेला हेंड्री त्या दिवशी जिंकला हे किती जणांना आठवते?

राग येऊच नये असे मी म्हणणार नाही, हे पुन्हा सांगतो. बिलियर्ड्समधला आपला मुंबईचा मायकेल फरेरा घ्या. १९८१ मध्ये त्याला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावसकरला पद्मभूषण आणि मला पद्मश्री का, म्हणून त्याने ती नाकारली. १९८३ मध्ये त्याला पद्मभूषण मिळाले. काहींना तो आगाऊपणा वाटला. मला वाटत नाही. ज्याच्यावर राग होता त्या सरकारलाच त्याने तो दाखवला, टेबलावर समोर असलेल्या कोणाला नाही. आम्ही सरकारी नोकर हे उलटे करतो. राग साहेबांचा आणि निघतो काउंटरवर. असो.

तो पोरगा नंतर दिसला नाही. हॉटेलातली पोरे सीझन संपला की कुठे कुठे जातात. चौकशी केली तर पूल पार्लरचा मालक म्हणाला, "कोण रे तो?" मग मी जास्त विचारले नाही.

मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलीशी सामना पडला. माझे कोपर आठवडाभर दुखत होते, बाम लावूनच गेलो होतो. ५-२ हरलो. शेवटच्या रॅकमध्ये तिने एक सेफ्टी अशी टाकली की पांढरा बॉल सातच्या मागे चिकटून बसला आणि मला काही दिसेनाच. हात मिळवताना मी म्हटले, "ती सेफ्टी फार छान होती." ती खुलली. मग बामाचा वास आला असावा, कारण तिने विचारले, "अंकल, हात दुखत होता तुमचा?"

"नाही गे," म्हटले.