विश्लेषण : डेटाबेसमधील रकान्यांची नावे स्पष्ट का हवीत?

शिष्यवृत्तीचे किती अर्ज महिनाभर रखडले, हा साधा प्रश्न. उत्तर डेटाबेसमध्ये असते आणि ते काढण्यासाठी ‘क्वेरी’ लिहावी लागते. पण तक्त्यात ‘दिनांक१’ आणि ‘दिनांक२’ असे रकाने असतील, तर अर्ज आल्याची तारीख कोणती आणि मंजुरीची कोणती? चुकीचा रकाना निवडला तरी क्वेरी चालते, आकडा येतो, अहवालही तयार होतो. संगणक काहीच तक्रार करत नाही, हा खरा धोका.

हा आग्रह नवा आहे का?

नाही. आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी १९७४ मध्ये मांडलेली ‘सीक्वेल’ भाषा, म्हणजे आजच्या ‘एसक्यूएल’ची पूर्वज, साध्या इंग्रजीसारखी वाचता यावी अशीच बेतली होती. आखूड नावांना पूर्वी कारण होते. ओरॅकलमध्ये रकान्याचे नाव ३० बाइटांत बसवावे लागे. १२.२ आवृत्तीपासून ही मर्यादा १२८ बाइट झाली. ती सबब आता उरलेली नाही.

चांगले नाव कसे असावे?

‘अर्ज_प्राप्त_दिनांक’ आणि ‘मंजुरी_दिनांक’ वाचताच अर्थ कळतो. रकमेसोबत एकक हवे. अनेक पेमेंट प्रणालींत रक्कम पैशांत साठवतात. तिथे ५०,००० म्हणजे ५०० रुपये. म्हणून नुसते ‘रक्कम’ न ठेवता ‘रक्कम_पैसे’ लिहावे. एका तक्त्यात ‘विद्यार्थी_क्रमांक’ आणि दुसऱ्यात ‘छात्र_आयडी’ असा घोळ नको. क्वेरीत तक्त्यांना ‘अ’, ‘ब’ अशी टोपणनावे देणेही टाळावे.

जुन्या डेटाबेसचे काय?

नाव थेट बदलले, तर त्यावर विसंबलेल्या इतर प्रणाली बंद पडू शकतात. त्यावर ‘व्ह्यू’ हा उपाय आहे. मूळ तक्त्याला हात न लावता तोच डेटा स्पष्ट नावांनी दाखवता येतो.

लांब नावे टाइप करण्याचा कंटाळा हा आक्षेप टिकत नाही. दोन-तीन अक्षरे टाइप केली की एडिटरच पूर्ण नाव सुचवतो. क्वेरी एकदा लिहिली जाते, वाचली मात्र अनेकदा जाते, तीही बऱ्याचदा लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर. लाभार्थ्यांच्या यादीतून एखाद्याचे नाव का गळले, हे क्वेरी वाचून सांगता आले पाहिजे. त्यामुळे सरकारी प्रणालींत नावांचे नियम प्रोग्रामरच्या मर्जीवर न सोडता कंत्राटातच लिहायला हवेत.